कोंटेसाचा एसी: दर पाडव्याला गॅस भरून दमलो

बोनेट_उघडा | १२ एप्रिल, रात्री ११:०४

मंडळी, तीन-चार वर्षं नुसता वाचनमात्र होतो, आज डोकं फिरलं म्हणून पहिला धागा काढतोय. लांबण लागणार आहे, सांभाळून घ्या.

गाडी बाबांची. ९४ची कोंटेसा क्लासिक, इसुझूचं १.८ पेट्रोल इंजिन, पाच गिअर. इंजिन अजून घड्याळासारखं चालतं, तक्रार नाही. तक्रार एसीची. आमच्याकडे गेली आठ-दहा वर्षं एक रिवाजच झालाय की पाडव्याच्या आसपास गॅस भरायचा, मे महिना कसाबसा काढायचा, पहिला पाऊस पडला की एसीचं बटण बंद, ते थेट पुढच्या मार्चमध्ये. मग परत "गॅस संपला". यंदा भरलेला गॅस नऊ दिवसांत गेला. नऊ दिवस!! दूधसुद्धा फ्रिजमध्ये तेवढं टिकतं.

एसीवाल्याकडे गेलो तर त्याने गाडी बंद असतानाच गेज लावला, म्हणाला प्रेशर तर ९५ आहे, गॅस फुल आहे, म्हणजे कॉम्प्रेसरच गेलाय, नवीन टाका, बावीस हजार. बाबा म्हणाले काच खाली कर आणि घरी चल.

लक्षणं अशी: हायवेला ७०-८०ला बरी थंड हवा येते, फार नाही पण येते. सिग्नलला उभं राहिलं की दोन मिनिटांत कोमट, आणि इंजिनाचा काटा पण वर सरकायला लागतो. दुपारी विद्यापीठ चौकात अडकलं की मी स्वतःच एसी बंद करतो. कोणी सांगेल का की खरंच कॉम्प्रेसर आहे का मला टोपी घालतायत?

पेठेतला | १२ एप्रिल, रात्री ११:३१

गाडी विका, नवी घ्या, एसी फुकट मिळतो त्यात.

किकस्टार्ट | १२ एप्रिल, रात्री ११:४८

आले का लगेच. धागाकर्त्याने विचारलंय काय, तुम्ही सांगताय काय.

पण विषय मस्त. वाखुसा (वाचनखूण साठवली). माझ्याकडे एक प्रीमियर पद्मिनी आहे, तिला डॅशखाली टांगलेला एसीचा डबा होता काकांच्या काळात. १०८९ सीसी आणि चाळीसएक हॉर्सपॉवर, त्यातले चार-पाच तर एसीच खायचा. कसारा घाट लागला की काका गाडीतल्या सगळ्यांना "घाम गाळा आता" म्हणून एसी बंद करायचे, वर इगतपुरीला पोचल्यावर चालू. लहानपणी मला वाटायचं घाटात एसी बंद करायचा कायदाच आहे.

थंडगार | १३ एप्रिल, सकाळी ६:१२

मी छत्तीस वर्षं हेच काम केलं, आधी मुंबईत मग ठाण्याला, आता हात दुखतात म्हणून बंद केलं. तर चार गोष्टी.

पहिली म्हणजे गॅस "संपत" नाही. पेट्रोल संपतं, गॅस संपत नाही. तो बंद नळीत गोल फिरतो, जळत नाही, झिजत नाही. कमी झाला याचा अर्थ एकच, कुठून तरी गेला. दहा वर्षं तुम्ही गळक्या माठात पाणी भरताय.

दुसरं, तो ९५चा आकडा. गाडी बंद असताना गेज जो दाब दाखवतो तो गॅस किती आहे ते सांगतच नाही, तो फक्त त्या दिवशीचं तापमान सांगतो. ३० डिग्रीला १३४ए, म्हणजे हल्लीचा गाडीच्या एसीतला गॅस, दर चौरस इंचाला ९५-९७ पाउंड दाखवणार, आत दोनशे ग्रॅम असो की सातशे, जोपर्यंत आत थोडा तरी द्रव शिल्लक आहे तोपर्यंत. घरच्या सिलेंडरचंच बघा ना, शेवटच्या दिवसापर्यंत शेगडी तशीच पेटते म्हणून तर आपण तो हलवून बघतो. तेव्हा ज्याने यावरून कॉम्प्रेसर गेला सांगितलं त्याच्याकडे परत जाऊ नका.

आता मला सांगा, पाइपवर गॅस भरायची तोंडं कशी आहेत? जुनी आट्यांची का नवीन खटक्याची? ड्रायरच्या, म्हणजे गॅसमधलं पाणी शोषणाऱ्या डबीच्या, डोक्यावर काच आहे का? आणि कॉम्प्रेसरच्या पुढच्या बाजूला, पुलीच्या मागे, तेलकट काळा चिखल दिसतो का? बोट लावून बघा.

बोनेट_उघडा | १३ एप्रिल, रात्री ९:२०

काका खूप आभार, सिलेंडरचं उदाहरण एकदम पटलं.

बघितलं. तोंडं जुनी आट्यांची आहेत, त्यावर अडॅप्टर बसवलाय. ड्रायरवर काच आहे. कॉम्प्रेसरवर ५०८ असा आकडा आहे. पुलीच्या मागे बोट घातलं तर नखापर्यंत काळं झालं, आणि बोनेटच्या आतल्या बाजूला बरोबर त्याच रेषेत तेलाच्या शिंतोड्यांचा एक पट्टा उठलाय, जसा चिखलातून गेलेल्या सायकलवाल्याच्या पाठीवर उठतो तसा. इतकी वर्षं मी तो इंजिनाचा समजत होतो. शिवाय जाड पाइप जिथे अल्युमिनियमच्या तोंडात दाबून बसवलाय तिथेही ओलं आहे.

थंडगार | १४ एप्रिल, सकाळी ६:०५

वाटलंच. ५०८ म्हणजे पाच पिस्टन आणि साधारण आठ घनइंच, अतिशय मजबूत जात आहे, अँबेसेडरपासून टेम्पोपर्यंत काय काय थंड केलंय त्याने. तो असा मरत नाही. तुमचं गेलंय ते शाफ्ट सील, कॉम्प्रेसरच्या दांड्याभोवती गॅस अडवणारं.

आणि ते का गेलं ते तुमच्याच पहिल्या पोस्टीत आहे. जून ते मार्च एसी बंद. या कॉम्प्रेसरला तेल गॅसबरोबर फिरूनच मिळतं, तो फिरलाच नाही की सील कोरडं पडतं, कडक होतं, आणि मार्चमध्ये तुम्ही भरलेला ताजा गॅस तिथून हळूहळू निघून जातो. आठवड्यातून दहा मिनिटं एसी चालवायचा, पाऊस असो थंडी असो. उलट पावसात तर जास्तच, एसीची हवा कोरडी असते, काचेवरचं धुकं एका मिनिटात जातं.

दुसरी भानगड तोंडांची. जुनी आट्यांची तोंडं म्हणजे हा एसी मुळात आर-१२ या जुन्या, ओझोन खाणाऱ्या गॅसचा. ओझोन वाचवायचा माँट्रियल करार झाला १९८७ला, भारत त्यात आला १९९२ला, आणि आपल्याकडे नवीन एसीत आर-१२ वापरणं बंद झालं १ जानेवारी २००३ला. तुमची गाडी ९४ची. म्हणजे मधे कधीतरी कोणीतरी १३४ए मारलाय. प्रश्न हा की मारताना तेल बदललं का? आर-१२ बरोबर मिनरल तेल चालायचं. १३४ए त्या तेलात विरघळत नाही, मग तेल डॅशमागच्या कूलिंग कॉइलच्या तळाशी जाऊन बसतं आणि कॉम्प्रेसर उपाशी. बहुतेक ठिकाणी अडॅप्टर लावला, गॅस मारला, पैसे घेतले, झालं काम. सगळं खोलून धुवायला लागेल बाळा.

मीनल_जर्सी | १४ एप्रिल, सकाळी ८:४०

न्यू जर्सीहून. आमच्याकडे १९८३ची मर्सिडीज २४०डी आहे, डब्ल्यू१२३, नवऱ्याचा छंद म्हणून आली आणि आता मीच बघते. मी उलटं केलं, आर-१२च ठेवला. इथे तो विकत घ्यायला ६०९ नावाचं सर्टिफिकेट लागतं, ऑनलाइन परीक्षा असते, पुस्तक उघडं ठेवून देता येते, दिली. जुन्या साठ्यातले डबे मिळतात अजून, महाग पडतात पण गळती नसेल तर एकदाच लागतात.

आर-१२ ठेवायचं कारण म्हणजे जुना कंडेन्सर (रेडिएटरपुढची, उष्णता बाहेर टाकणारी जाळी) त्याच्याच मापाने बनवलेला असतो. ६० डिग्रीला १३४एचा दाब आर-१२पेक्षा दहा टक्क्यांनी जास्त जातो, त्यामुळे उन्हात, गाडी उभी असताना नेमकी तेव्हाच मार खाते. धागाकर्त्याचं सिग्नलचं दुखणं थोडं तिथलं पण असेल.

बाकी एक सूचना, कूलिंग कॉइल गळत असेल तर आधी खुर्चीत बसून घ्या. माझ्या गाडीत त्यासाठी अख्खा डॅश काढावा लागला. चौदा दिवस हॉलमध्ये डॅशबोर्ड होता, सासूबाई त्यावर भाजीची पिशवी ठेवायच्या.

भरदुपारी | १४ एप्रिल, दुपारी २:१५

नागपूरकर हजर. इथे आज ४३, मेमध्ये ४६ बघतो आम्ही, तेव्हा एसी या विषयात आम्हाला अनुभवाचे जास्त मार्क द्या.

सगळे गॅसच्या मागे लागलेत पण हायवेला थंड आणि सिग्नलला गरम, वर इंजिनाचा काटाही चढतो, हे गॅसचं लक्षण कमी आणि हवेचं जास्त आहे. एसी थंडी तयार करत नाही, आतली उष्णता उचलून बाहेर कंडेन्सरवर नेऊन टाकतो, आणि तिथून ती वाऱ्याने जाते. वाराच नसेल तर? इंजिनाचा पंखा आयडलला काय मरतुकडा फिरतो. पंख्याभोवतीचं कडं आहे का बघा, जुन्या गाड्यांत कोणीतरी रेडिएटर काढताना ते काढतो आणि परत लावतच नाही, मग पंखा तिथलीच गरम हवा घुसळत बसतो. कंडेन्सर आणि रेडिएटरमधे माती किती बसलीये तेही बघा, दोन्ही वेगळे करून मधून पाणी मारा, हळू, पत्र्या वाकतील असं प्रेशर नको.

आणि हीटर!! हीटरचा कॉक. हे शेवटी लिहितोय पण आधी बघा. जुन्या गाडीत हीटरचा नळ पूर्ण बंद होत नाही, उकळतं पाणी आत फिरत राहतं आणि तुम्ही एका हाताने थंड करताय दुसऱ्याने गरम. माझ्या प्रीमियर ११८ एनई गाडीत मी दोन उन्हाळे यात घालवले.

पेठेतला | १४ एप्रिल, दुपारी २:४०

पूर्वी लोक एसीशिवाय जगायचे हो. काच खाली, कोपर बाहेर.

किकस्टार्ट | १४ एप्रिल, संध्या ७:०२

पूर्वी म्हणजे किती पूर्वी? अमेरिकेत पॅकार्डने १९४०च्या मॉडेलला कंपनीतूनच एसी दिला होता. मजा अशी की कॉम्प्रेसरला क्लचच नव्हता, पट्टा चढवला की तो फिरतच राहणार. एसी नको असेल तर गाडी थांबवा, इंजिन बंद करा, बोनेट उघडा आणि पट्टा उतरवा. धागाकर्त्याचं नाव त्या काळात शोभलं असतं.

बोनेट_उघडा | २१ एप्रिल, रात्री १०:५५

अपडेट. आठवडाभर गायब होतो कारण गाडी खोललीय.

दुसरा माणूस शोधला, वयस्कर आहे, दुकान म्हणजे एक शटर आणि समोर कडुनिंब. त्याने काकांनी सांगितलं तेच शब्दशः सांगितलं तेव्हा मला धीर आला. आधी उरलासुरला गॅस काढला. मग नायट्रोजन भरला, १५० पाउंडावर बंद केला, सकाळी बघतो तर ९०. साबणाचं पाणी ब्रशने लावलं तर जाड पाइपच्या तोंडाशी असा फेस आला की माझी मुलगी म्हणाली बाबा बबल्स. शाफ्टपाशी फेस नाही पण दर तीन-चार सेकंदाला एक छोटा बुडबुडा यायचा, फुगायचा, फुटायचा. तासभर मी तेच बघत बसलो होतो, दहा वर्षांचे पैसे त्या बुडबुड्यातून गेले.

मग कूलिंग कॉइल. मीनलताई, अख्खा डॅश नाही काढावा लागला, ग्लोव्हबॉक्स आणि त्याखालचं कव्हर काढून बाहेर आली. आणि जे आत होतं ते! हवा येते त्या बाजूला करड्या रंगाची गोधडी जमलेली, धूळ, कापूस, पानं, कबुतराचं पीस आणि मधे पीएमटीचं, म्हणजे पुण्याच्या सिटी बसचं, एक तिकीट. पीएमटीची पीएमपीएमएल झाली २००७ला, म्हणजे ते तिकीट त्याआधीचं. ती गोधडी अख्खी एका तुकड्यात सोलून निघाली. ब्लोअर चारवर टाकला तरी हवा का येत नाही याचं उत्तर हातात होतं. आईने विचारलं ठेवायचंय का ते.

आतून धुतलं तेव्हा आधी पिवळसर तेल आलं, मग तपकिरी, मग शेवटी काकवीसारखं काहीतरी. काका बरोबर होते, दोन तेलांची खिचडी झाली होती.

थंडगार | २२ एप्रिल, सकाळी ५:५८

छान माणूस मिळालाय, सोडू नका त्याला. आता नीट ऐका.

तेल एस्टर टाका. पॅग पण चालतं पण ते हवेतलं पाणी फार ओढतं आणि जुन्या मिनरल तेलाशी त्याचं जमत नाही, कितीही धुतलं तरी कोपऱ्यात थोडं राहतंच. एस्टर ते सहन करतं. ड्रायर नवाच, आणि १३४एला चालणारा, आणि तो सगळ्यात शेवटी उघडायचा, टोपण काढून दुकानात तासभर ठेवला तर तो तिथेच ओला झाला. सांध्यांतल्या रबरी ओ-रिंग सगळ्या बदला, हिरव्या मिळतात त्या, तेलात बुडवून बसवा. आत्ता चाळीस-पन्नास रुपये वाचवले तर सगळं परत खोलाल.

पाइप नव्याने करताना बॅरिअरवाला घ्या, त्याला आतून नायलॉनचा थर असतो. साध्या रबरातून १३४ए झिरपतो, त्याचा कण आर-१२पेक्षा लहान.

नायट्रोजनच वापरला हे उत्तम. इथे बरेच लोक टायरची हवा मारतात, तिच्यात पाणी असतं. आणि ऑक्सिजन कधीच कोणी मारू नका, वेल्डिंगवाल्याकडे हाताशी असतो म्हणून मारणारे मी पाहिलेत. तेल आणि दाबातला ऑक्सिजन म्हणजे बॉम्ब.

आमच्या वेळेला गळती शोधायला हॅलाइड दिवा असायचा. निळी ज्योत, तिला एक नळी, नळी सांध्यापाशी फिरवायची, गॅस ओढला गेला की ज्योत हिरवी. दिसायला फार सुंदर पण त्यातून फॉस्जीन निघायचा, विषारी वायू, आम्ही खोकत खोकत काम करायचो आणि चहा प्यायचो. १३४एमध्ये क्लोरीन नाही म्हणून त्यावर तो दिवा चालतच नाही. बरंच झालं.

रेवदंडा | २२ एप्रिल, सकाळी १०:२२

वाचतोय. समुद्राजवळ राहणाऱ्यांनी कंडेन्सरकडे विशेष बघा, खारी हवा पत्र्या खाते, हाताने चुरा होतो. आणि कूलिंग कॉइल बाहेर काढलीच आहे तर खालची पाणी जायची नळी साफ करा. आमच्या एस्टीममध्ये ती तुंबली, आणि मुरुडच्या वळणावर सगळं पाणी आईच्या पैठणीवर. गाडी विकली तरी तो विषय अजून चालू आहे घरात.

बोनेट_उघडा | ३० एप्रिल, रात्री ८:३०

घाबरून लिहितोय. सगळं जोडलं, शाफ्ट सील नवीन, दोन पाइप नवीन, ओ-रिंग हिरव्या. काल संध्याकाळी पाचला नायट्रोजन १५० वर ठेवला. आज सकाळी सहाला १४३. सात पाउंड उतरलं!! म्हणजे अजून गळतंय? मेकॅनिक म्हणतो चालतं एवढं. मला नाही चालत.

थंडगार | ३० एप्रिल, रात्री ९:०१

संध्याकाळी पाचला ऊन किती होतं? ३८ धरा. सकाळी सहाला २४. तेवढं थंड झालं की बंद नळीतला नायट्रोजन आपोआप सहा-सात पाउंड उतरतो, कुठेही न जाता. उद्या संध्याकाळी पाचलाच परत बघा.

बोनेट_उघडा | १ मे, संध्या ५:४५

१५०. बरोब्बर १५०. काका तुमच्या पाया पडतो.

बोनेट_उघडा | १ मे, रात्री ९:५०

आता व्हॅक्यूमचा घोळ. पंप तासभर चालवला तरी गेजचा काटा २८च्या पुढे जाईना. पुस्तकात सगळीकडे २९ च्या वर लिहिलंय. मेकॅनिक पंपाचं तेल बदलतो म्हणतोय.

थंडगार | २ मे, सकाळी ६:१०

तुम्ही पुण्यात आहात ना. समुद्रसपाटीला हवेचा दाब पारा २९.९ इंच. पुणं साडेपाचशे मीटरवर, तिथे हवाच २८ इंचाची. जेवढी आहे त्याहून जास्त ओढणार कुठून? २८ म्हणजे तुमच्याकडे पूर्ण व्हॅक्यूम. मी एकदा महाबळेश्वरला काम करायला गेलो होतो तेव्हा स्वतः दोन तास पंप खोलून बसलो होतो, तेव्हा कळलं.

व्हॅक्यूम मारायचं कारण नुसती हवा काढणं नाही, पाणी काढणं. आत उरलेला दाब सव्वा इंचाच्या खाली गेला की पाणी ३० डिग्रीलाच उकळून वाफ होऊन पंपातून जातं. त्याला वेळ लागतो. दोन तास चालू द्या, मग पंप बंद करून अर्धा तास काटा बघत बसा. हलला नाही तरच गॅस.

गॅस वजन करून. काचेत बुडबुडे बघून भरायचं ते आर-१२ला. १३४एला काच फसवते, बुडबुडे जाईपर्यंत भराल तर जास्त होईल आणि दाब डोक्यावरून जाईल. आर-१२ जेवढा भरायचे त्याच्या ८०-९० टक्के वजनात भागतं. वजनकाटा नसेल तर किराणावाल्याचा आणा.

भरदुपारी | २ मे, सकाळी ११:३०

गॅसचा डबा कुठून घेताय तेही बघा. भलताच स्वस्त मिळाला तर घेऊ नका. २०११मध्ये रेफ्रिजरेटेड कंटेनरचे स्फोट झाले होते, माणसं गेली, त्यात १३४एच्या नावाखाली आर-४० म्हणजे मिथाइल क्लोराइड मिसळलेला गॅस निघाला. तो अल्युमिनियमशी रासायनिक खेळ करतो, आणि जे तयार होतं ते हवा लागली की पेटतं. आपला कंडेन्सर, कॉइल सगळं अल्युमिनियमच. आणि काही जण सरळ एलपीजीसारखा गॅस मारतात, थंड मस्त होतं म्हणे. डॅशच्या मागे, सिगारेट लायटरच्या शेजारी. नको.

पेठेतला | २ मे, दुपारी १:१०

तो काढलेला जुना गॅस कुठे गेला पण? हवेत?

थंडगार | २ मे, संध्या ६:४०

चांगला प्रश्न विचारलात, पहिल्यांदाच. बहुतेक ठिकाणी हवेतच सोडतात, मीही सोडलाय खूप वर्षं, खोटं कशाला बोलू. १३४ए ओझोनला काही करत नाही पण उष्णता धरून ठेवण्यात कार्बन डायऑक्साइडच्या तेराशे-चौदाशे पट आहे, आर-१२ तर त्याहून कितीतरी पट. गॅस ओढून घेणारं मशीन असलेलं दुकान असेल तर तिथेच जा, दोनशे जास्त गेले तरी.

बोनेट_उघडा | २ मे, रात्री १०:१५

आमच्याकडे मशीनने काढला होता, बाटलीत. निघाला एकशे दहा ग्रॅम. एवढ्यावर तो "फुल" होता.

बोनेट_उघडा | ५ मे, रात्री १०:४०

गॅस भरला. ७२० ग्रॅमवर थांबलो, थोडा थोडा टाकत दोन्ही गेज बघत. हा माझ्या गाडीचा आकडा आहे, पाइपची लांबी, कंडेन्सर सगळं बदललेलं, कोणी कॉपी करू नका. ३७ डिग्रीला खालचा दाब ३४, वरचा २४०. मधल्या झरोक्यात स्वयंपाकघरातला थर्मामीटर खोचला, चालत्या गाडीत ९ डिग्री. नऊ!!

पण सिग्नलला अजूनही १७-१८. तेव्हा नागपूरकरांची आठवण झाली. हीटरला जाणारा रबरी पाइप हाताने पकडला आणि हात भाजला. कॉक बंद, नॉब पूर्ण निळ्यावर, आणि पाइप उकळता. तिथल्या तिथे कापड गुंडाळून व्हाइस ग्रिपने पाइप चिमटला, आत येऊन बसलो, थर्मामीटरकडे बघत. १७, १६, १४, पाच मिनिटांत १२. गॅसला हात न लावता पाच डिग्री. नवीन कॉक नाना पेठेत चार दुकानं फिरून मिळाला, दुसऱ्याच गाडीचा आहे, बसतो.

पंख्याचं कडं अर्थातच नव्हतं. पत्र्याचं करून घेतलं.

अजून एक छोटी गंमत. कॉम्प्रेसर गरम झाला की मधेच क्लच सुटायचा, चरचर आवाज. क्लचच्या पाटीत आणि पुलीत फट किती आहे ते फीलर गेजने मोजलं, एक मिलिमीटरच्या वर. ती हवी ०.४ ते ०.८. पाटीच्या मागून एक पातळ वॉशर कमी केला, ०.६ झाली, आवाज बंद. पहिल्या एसीवाल्याला हाच आवाज ऐकून बावीस हजार सुचले असणार.

मीनल_जर्सी | ६ मे, सकाळी ७:५५

वा! अभिनंदन. एक तपासा, आयडलला हेडलाइट, ब्लोअर, क्लच सगळं चालू असताना क्लचच्या वायरवर व्होल्टेज किती येतं. १२.५च्या खाली असेल तर जुनी वायरिंग चोरतेय, क्लच आणि ब्लोअर दोन्हीला स्वतंत्र रिले द्या, थेट बॅटरीवरून, फ्यूज लावून. माझ्या गाडीत ब्लोअरचा वेग नुसत्या रिलेने डोळ्यांना दिसेल इतका वाढला.

बोनेट_उघडा | ६ मे, रात्री ९:३०

१२.१ आहे ताई. रविवारी रिले.

पेठेतला | ६ मे, रात्री ९:४४

एकूण खर्च किती झाला हे कोणी विचारत नाहीये म्हणून विचारतो.

बोनेट_उघडा | ६ मे, रात्री १०:०२

साडेतेरा हजार, हीटरचा कॉक आणि कडं धरून. बायकोला नऊ सांगितलेत, इथे येत नाही ती.

बोनेट_उघडा | १९ जून, रात्री ८:१५

धागा वर काढतोय. काल पहिला दणकून पाऊस, कात्रजच्या बोगद्यातून बाहेर आलो आणि काच पांढरी. सवयीने बाबांनी डिकीतून आणायला सांगितलेलं फडकं काढलं, मी एसी लावला. फडकं हातात तसंच राहिलं त्यांच्या. आता दर रविवारी सकाळी पेपर झाला की ते खाली जाऊन दहा मिनिटं गाडी चालू करून एसी लावून बसतात. सील ओलं राहायला हवं म्हणे. शेजारच्यांना वाटतं आमच्या घरात भांडण झालंय.

किकस्टार्ट | १९ जून, रात्री ८:५०

भारी!! पद्मिनीचा तो डबा मी पण खाली उतरवलाय माळ्यावरून. तो पाइप कुठे बनवून घेतलात? पत्ता द्या.

बोनेट_उघडा | १९ जून, रात्री ९:०५

व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय. जुना पाइप दोन्ही तोंडांसकट घेऊन जा, नुसतं माप सांगून तो बनवत नाही.